जपानला जाताय आणि खायचं काय हा प्रश्न पडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मी आणि नवरा, दुसऱ्यांदा आईला घेऊन. माझं माहेर पक्कं शाकाहारी आणि सासर मालवणचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात, आणि तेच तेच येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. जाणाऱ्या माणसाला लिंक पाठवा, फोनवर अर्धा तास जायला नको.

जपानी जेवण म्हणजे सुशीच ना?

नाही हो. सुशी तिथेही रोज कोणी खात नाही. रोजचं जेवण म्हणजे भात, सूप, लोणचं आणि सोबत दोन-तीन पदार्थ, म्हणजे थोडा मासा किंवा टोफू, एखादी उकडलेली भाजी. ह्याला ते ‘इचिजू सानसाई’ म्हणतात, एक सूप आणि तीन पदार्थ. हॉटेलात हेच ट्रेमध्ये मांडून येतं त्याला ‘तेइशोकु’ म्हणायचं. आपण ताट म्हणतो तेच, फक्त प्रत्येक पदार्थाला वेगळी वाटी, वेगळी बशी, आणि वाटीचा रंग-आकारसुद्धा ऋतू बघून ठरवतात. २०१३ साली युनेस्कोने जपानच्या ह्या जेवणपद्धतीला, ‘वाशोकु’ला, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते ह्या सगळ्यासकट. भात चिकट असतो, इंद्रायणी आवडत असेल तर पहिल्या घासालाच आवडेल, बासमतीवाल्यांना दोन दिवस लागतात.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का? खरं सांगा.

तयारी न करता गेलात तर होतात. आणि कारण एकच आहे, ते नीट समजून घेतलं की निम्मी काळजी मिटते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

कारण म्हणजे ‘दाशी’. दाशी हे पाणी आहे, पण साधं नाही. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि ‘कात्सुओबुशी’ ह्यांचा अर्क काढलेलं पाणी. कात्सुओबुशी म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीतला मासा, तो उकडतात, मग पुन्हा पुन्हा धुरी देतात, चांगल्या प्रतीच्या माशावर तर बुरशी चढवून उन्हात वाळवतात आणि ह्यात काही महिने जातात. शेवटी हातात येतो तो लाकडाचा ओंडका. खरंच सांगते, तोक्योच्या त्स्किजी बाजारात एका दुकानदाराने दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले तर टणटण आवाज आला. मग तो सुताराच्या रंध्यासारख्या पेटीवर घासला आणि खाली गुलाबीसर, कागदाहून पातळ पापुद्रे पडले. दुकानभर धुराचा वास. एक पापुद्रा जिभेवर ठेवला आणि तो विरघळून गेला. कोकणातल्या माणसाला सुकटीची ओढ असते ना, तीच ओढ, पण किती हळुवार.

तर हे पाणी सगळीकडे असतं. मिसो सूपमध्ये (मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन), नूडल्सच्या रश्श्यात, तेम्पुरा ह्या भज्यांसोबतच्या बुडवणात, अंड्याच्या रोलमध्ये, भाजी शिजवताना, कित्येकदा लोणच्यातसुद्धा. आमचं काय झालं ते सांगते. तोक्योत दुसऱ्याच दिवशी आईसाठी ‘भाज्यांचा उदोन’, म्हणजे रश्श्यातल्या जाड नूडल्स, मागवला, व्हेजिटेबल ना, व्हेजिटेबल, असं दोनदा विचारलं, वाढणारी मुलगी गोड हसून हो म्हणाली. भाज्या होत्याच, वर गाजर, पालक, मशरूम. आईने दोन चमचे रस्सा घेतला आणि चमचा खाली ठेवला, म्हणाली ह्याला मासळीचा वास येतोय गं. त्या मुलीची चूक नव्हती, तिच्या दृष्टीने ती भाज्यांचीच वाटी होती, दाशीला तिथे कोणी ‘मासा’ म्हणून मोजत नाही, आपण फोडणीतलं तेल मोजत नाही तसं. पण आई त्या दिवशी केळ्यांवर राहिली आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, ‘मीट नाही’ एवढं सांगून भागत नाही, दाशीबद्दल विचाराच.

आणि एक. ह्याच कोंबूच्या पाण्यातून १९०८ साली इकेदा किकुनाए ह्या तोक्योच्या शास्त्रज्ञांनी ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. आपल्या चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो जन्मला तो तिथून.

मग सांगायचं कसं? भाषा तर येत नाही.

ही वाक्यं पाठ करा किंवा फोनवर जपानीत लिहून ठेवा, लिहिलेलं दाखवणं जास्त चांगलं कारण आपले उच्चार त्यांना कळतीलच असं नाही.

‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे मांस आणि मासे खात नाही. ‘कात्सुओ नो दाशी मो दामे देस’ म्हणजे माशाची दाशीही चालत नाही. अंडं चालत असेल तर ‘तामागो वा दाइजोबु देस’. बीफ टाळायचं असेल तर ‘ग्यूनिकु’ हा शब्द, पोर्क म्हणजे ‘बुतानिकु’. हॅम-बेकन-चिकन ‘निकु’मध्ये धरतीलच ह्याची खात्री नाही, ते वेगळं विचारा. ‘नाही चालणार’ असं तोंडावर म्हणणं त्यांना जड जातं, समोरचा माणूस हवा आत ओढून ‘चोत्तो...’ म्हणाला की समजायचं नाही आहे, हसून धन्यवाद म्हणून पुढचं दुकान बघायचं.

पूर्ण शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

कोयासानला जा. बाकी काही नाही जमलं तरी चालेल, हे करा. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने दोनेक तास, शेवटी केबल कार. साधारण ८०० मीटर उंचीवर डोंगरातलं गाव, नवव्या शतकात कूकाई ह्या भिक्खूंनी सुरू केलेलं शिंगोन बौद्ध पंथाचं ठाणं, आणि तिथल्या पन्नासच्या आसपास मठांमध्ये राहता येतं, त्याला ‘शुकुबो’ म्हणतात. जेवण ‘शोजिन र्योरी’, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू आणि शिताके मशरूमची. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, अगं म्हणजे सात्त्विक.

जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला, उशीर चालत नाही. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसायचं, समोर लाल लाखेची बुटकी चौरंगासारखी ताटं. त्यात गोमादोफु, नावात टोफू आहे पण सोयाबीन नाही, तीळ वाटून कुझू ह्या कंदाच्या पिठात घोटून केलेली वडी, कापली तर खरवसासारखी थरथरते. कोयादोफु म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, स्पंजसारखा, चावला की रस सुटतो. तेम्पुरा भोपळ्याचा आणि शिसो पानाचा. आईने दोन वाट्या भात घेतला आणि शेवटी वाटीत चहा ओतून वाटी विसळून प्यायली, लहानपणी तिच्या आजोबांना ताट धुवून पिताना बघितलं होतं म्हणे. वाढणाऱ्या तरुण भिक्खूने ते बघितलं आणि थांबून वाकून नमस्कार केला. झेन मठांतही वाटी अशीच विसळून पितात हे मला नंतर कळलं.

ह्याशिवाय क्योतोमध्ये नानझेनजी मंदिराच्या आसपास ‘युदोफु’, कोंबूच्या गरम पाण्यातला टोफू मिळतो, पण बुडवणाबद्दल विचारा, त्यात दाशी असू शकते. तोक्यो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं व्हीगन रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे, तिळाचा झणझणीत रस्सा, शाकाहारी माणसाला रामेन काय असतं हे कळण्यासाठी उत्तम. कांदा-लसूण मात्र तिथे असणार हे धरून चाला.

उपवास असेल तर?

हा प्रश्न मला न हसता विचारा, कारण आईची कार्तिकी एकादशी क्योतोत आली होती. उत्तर आहे ‘याकीइमो’, भाजलेलं रताळं! थंडीत सुपरमार्केटच्या दारातच गरम दगडांच्या पेटीत ठेवलेलं असतं, कागदाच्या पिशवीत घालून देतात. फोडलं की आतून पिवळंधमक आणि साल चिकट झालेली, सालीला पाकाचे थेंब लागलेले, साखरेची गरजच नाही. दूध, केळी कोनबिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या दुकानांत, मिळतात. बाकी फळं महाग आहेत, पण तिथलं एक सफरचंद दोघांना पुरतं.

कोनबिनी कोनबिनी सगळे म्हणतात ते काय?

सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट अशी छोटी किराणा-खाण्याची दुकानं. बहुतेक चोवीस तास उघडी. तिथलं जेवण ताजं आणि चांगलं असतं, संकोच करू नका. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण, कागदावर १, २, ३ आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं म्हणजे नोरी शेवाळाचा कागद कुरकुरीत राहतो. शाकाहारी लोकांनी ‘शिओ मुसुबी’ शोधा, नुसता मीठभात. ‘उमे’, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, चवीला आपल्या जुन्या लिंबाच्या लोणच्याच्या जवळ जातो, पण कधीकधी त्यातही माशाचा अर्क असतो, म्हणून फोनचा कॅमेरा लावून भाषांतर करून वाचा. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या तक्त्यावर भरवसा ठेवू नका, कात्सुओ त्यात येत नाही, घटकपदार्थांची पूर्ण यादीच वाचायची. आणि २०१९ पासून घरी नेलं तर ८ टक्के टॅक्स, तिथेच बसून खाल्लं तर १० टक्के, म्हणून काउंटरवर विचारतात.

आम्ही मासे खातो, आमचं काय?

तुमची चंगळ आहे. पण फक्त सुशी-साशिमीच्या मागे लागू नका ही माझी कळकळीची विनंती. ‘साबा शिओयाकी’ मागवा. साबा म्हणजे बांगड्याचाच भाऊ, मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेला मुळा आणि लिंबाची फोड. हळद नाही, मसाला नाही, तिरफळ नाही. नवरा आधी म्हणाला हे काय फिकं, आणि मग कातडीचा कुरकुरीत तुकडा तोंडात गेला आणि गप्पच झाला. माशाचं तेल असं भाताच्या घासात उतरतं ना! दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाही तेच. ‘हिमोनो’ म्हणजे सुकवलेले मासे, ‘इवाशी’ म्हणजे तारलीच्या जातीतले, आणि शिझुओकाच्या सुरुगा खाडीतला ‘साकुरा एबी’ म्हणजे इवलासा गुलाबी झिंगा, वाळवलेला पाहिला की जवळाच आठवतो.

सुशी स्वस्तात चाखायची तर ‘काइतेन’, फिरत्या पट्ट्यावरची. पहिलं असं दुकान १९५८ साली ओसाकाजवळ निघालं. आता बऱ्याच ठिकाणी पट्टा रिकामाच फिरतो आणि स्क्रीनवर ऑर्डर द्यायची, बशी धावत तुमच्यापुढे येऊन थांबते, मुलं खूश. टेबलावरच्या नळाला गरम पाणी असतं ते हिरव्या चहासाठी, हात धुवायला नाही, भाजेल. कच्चं जमत नसेल तर शिजवलेली कोळंबी, अंडं आणि काकडीचा ‘कप्पा माकी’ आहेच.

तोक्योत घाऊक मासळीबाजार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्स्किजीहून तोयोसूला गेला. त्स्किजीचा बाहेरचा बाजार, दुकानं-टपऱ्या, अजून तिथेच आहे आणि खायला तोच चांगला. सकाळी लवकर जा, दुपारनंतर आवराआवर होते.

तेम्पुरा म्हणजे भजीच ना?

दिसायला हो, पण पीठ गव्हाचं, थंडगार पाण्यात अर्धवट कालवलेलं, म्हणून हलकं. अंडं बहुतेक असतं. शाकाहाऱ्यांनी बुडवणाऐवजी मिठाशी खा, ‘शिओ’ मागा, आणि तेल तेच कोळंबीचंही असू शकतं हे धरून चाला.

आणि ह्यात गोव्याचा धागा आहे. तळणीची ही पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली असं मानतात, आणि पूर्वेकडचं त्यांचं मुख्य ठाणं होतं गोवा. ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून जपानच्या कागोशिमाला उतरले. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात, आपण ‘पाव’ म्हणतो, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. नागासाकीला गेलात तर ‘कासुतेरा’ हा पोर्तुगीज वळणाचा केक घ्या, तळाला दाणेदार साखर असते.

जपानी करी आपल्याला आवडेल का?

आवडते, पण तिला आपली करी समजून खाऊ नका. ती एकोणिसाव्या शतकात, मेजी काळात, इंग्रजांकडून तिथे गेली, म्हणून घट्ट, तपकिरी, गोडसर, आणि सोबत लालसर ‘फुकुजिनझुके’ लोणचं. जपानी नौदलात दर शुक्रवारी करी असते. खरी भारतीय वळणाची हवी तर तोक्योच्या शिंजुकूमधलं नाकामुराया, तिथे १९२७ पासून करी मिळते आणि ती सुरू करण्यामागे होते क्रांतिकारक रासबिहारी बोस. इंग्रजांपासून लपत १९१५ साली ते जपानला गेले, ह्याच दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढे ते त्या घरचे जावई झाले. मी ती प्लेट खाताना नेहमीसारखी बडबड करू शकले नाही. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाजारातल्या करीच्या मसाल्यात बहुतेक मांसाचा अर्क किंवा चरबी असते.

ओसाकात काय खायचं?

ताकोयाकी. त्याचं भांडं बघितलं की आपोआप तोंडातून ‘आप्पेपात्र!’ निघतं. पिठात ऑक्टोपसचा तुकडा घालून दोन टोकदार सळ्यांनी इतक्या झरझर फिरवतात की बघत राहावं. आतून वितळलेलं आणि कमालीचं गरम असतं, फोडून वाफ जाऊ द्या. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी घातलेलं जाडजूड धिरडं, वर कात्सुओबुशीचे पापुद्रे वाफेवर जिवंत असल्यासारखे हलतात. दोन्हीच्या पिठात दाशी असते, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी इथे नुसतं बघायचं.

तिखटाशिवाय कसं राहायचं?

‘शिचिमी’. सात गोष्टींची पूड, मिरची, संत्र्याची साल, तीळ वगैरे. नूडल्सच्या दुकानात टेबलावर असतेच. तोक्योच्या असाकुसात १६२५ पासूनचं यागेनबोरी आहे, समोर बसून मिसळून देतात, ‘कराकुची’ म्हणा म्हणजे तिखट. मी अर्धा किलो आणली, दहीभातावर घालते.

काय चुकलं तर वाईट दिसतं?

चॉपस्टिक्सच्या काड्या भातात उभ्या रोवू नका, आणि काडीतून काडीत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी तिथे मृत्यूच्या विधीतल्या आहेत, दुसरी तर दहनानंतर अस्थी उचलतानाची. पिंडाची आठवण होईल असं पान आपण वाढतो का, तसंच. वाटी डाव्या हातात उचलून तोंडाशी नेणं मात्र योग्य, नूडल्स सुर्रकन ओढणंही योग्य. चालता चालता खाऊ नका, टपरीपाशी उभं राहून संपवा, कचरापेट्या नसतात. टिप देऊ नका, मागे धावत येऊन परत देतात. सुरुवातीला ‘इतादाकीमास’, उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’. आईने हे दोन्ही शब्द शिकले आणि ते म्हटल्यावर स्वयंपाकघरातून बाहेर डोकावून बघायचे लोक.

मेनू वाचता येत नाही, मशीनवर तिकीट काढावं लागतं म्हणे?

हो, रामेन किंवा ग्यूदोन (बीफ घातलेला भात) ह्यांच्या दुकानात दारातच मशीन. आधी पैसे, मग बटण, तिकीट काउंटरवर द्यायचं. मागे रांग लागली तर मागच्याला विचारा, मदत करतात. बऱ्याच दुकानांच्या काचेत मेणा-प्लॅस्टिकचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात, वाढणाऱ्याला बाहेर नेऊन बोट दाखवलं तरी चालतं.

खर्च किती?

१०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा, भाव बदलतो. ओनिगिरी २०० येनच्या आतबाहेर, साधा सोबा-उदोन ५०० ते ८००, तेइशोकु हजाराच्या आसपास. मोठ्या हॉटेलात जायचं तर दुपारी जा, तोच स्वयंपाकी, निम्म्याच्या जवळपास दर. पाणी-चहा फुकट. इझाकायात, म्हणजे दारू-खाण्याच्या ठिकाणी, न मागता एक छोटी वाटी येते, ‘ओतोशी’, तिचे ३००-५०० येन बिलात लागतात, ती फसवणूक नाही, रीतच आहे. मोठ्या स्टोअरच्या तळघरातलं खाणं बंद व्हायच्या आधी सवलतीत मिळतं.

घरून काय न्यायचं?

मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, थोडे थेपले. मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय नाही, म्हणजे हिरव्या मिरच्या, कढीपत्ता घरीच ठेवा. पण बॅग भरून नेऊ नका, रोज रूमवर थेपले खाल्ले तर जपान बघितला कुठे? अगदीच वाटलं तर तोक्योत निशी-कासाईला आपली पुष्कळ मंडळी राहतात, तिथे भारतीय दुकानं आहेत.

गोड काय?

‘आन्को’, अझुकी ह्या लाल कडधान्याचं पुरण. खरंच पुरणच, वेलची-जायफळ नसलेलं. मोचीत, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यात, भरलं की दाइफुकु, मासोळीच्या साच्यात भाजलं की ताइयाकी. आणि ‘ओहागी’, भाताचा गोळा बाहेरून आन्कोने मढवलेला, सप्टेंबरच्या ‘हिगान’ला, पूर्वजांच्या थडग्यांवर जातात त्या दिवसांत खातात. आपला पितृपक्ष त्याच सुमाराला!

एकच जेवण निवडायचं असेल तर?

सोबा. नागानोजवळ डोंगरात तोगाकुशी गाव आहे, तिथला. सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या शेवया, कित्येकदा आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू. बांबूच्या टोपलीत थंड, छोट्या छोट्या जुड्या करून मांडतात. मी त्स्युमध्ये, म्हणजे दाशीच्या बुडवणात, बुडवून खाल्ला, आईसाठी दाशी नको म्हटल्यावर आजीबाईंनी क्षणभर विचार केला आणि एका बशीत मीठ आणून ठेवलं. आईने एकेक जुडी चिमूटभर मिठाशी खाल्ली, काड्या बाजूला ठेवून, हाताने, आणि आजीबाई मान डोलवत बघत होत्या. मग त्यांनी लाखेच्या लाल चौकोनी भांड्यात शेवया उकळलेलं पाणी आणलं, ‘सोबायु’, पांढरट, दाटसर, वाफाळतं. मी माझं उरलेल्या त्स्युत घातलं. आईने आपलं तसंच घेतलं, वर बशीतलं उरलेलं मीठ टाकलं, एक घोट घेतला आणि म्हणाली, अगं ही तर पेज.